नेट गेलं, ते नेमकं कुठं?

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. ब्रह्मपुरीसारख्या तालुक्याच्या गावांचा कारभार तेव्हा टपालावर आणि एसटीडी बूथवर चालत होता. इथल्या कचेऱ्यांत, दुकानांत नेट आलं ते नंतर, टेलिफोनच्या तारेवरून. ते आलं तसं बिघडायलाही लागलं. एकाच जोडणीवर तीन-चार संगणक चालवणाऱ्या छोट्या कार्यालयात बिघाड शोधायचा कसा, याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो लिहायला हवा, कारण सातबारा, दाखले, धानविक्रीची नोंदणी असं सगळं आता नेटवर अवलंबून आहे.

डायल-अपच्या काळात बिघाड बहुधा खोलीतच असायचा. फोन उचलला की नेट तुटे. 1999 मध्ये विंडोज 98च्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच संगणकाची जोडणी इतरांना वाटून देण्याची सोय आली. मोडेमचा संगणक मुख्य, त्याचा पत्ता 192.168.0.1, बाकीचे त्याच्या आधाराने चालत. तो कुणी बंद केला की सगळ्यांचंच काम थांबे. त्यामुळे ‘आधी मुख्य मशीन चालू आहे का बघा’ हा पहिला नियम झाला.

2004च्या राष्ट्रीय धोरणाने 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं. जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली आणि बिघाड खोलीबाहेरही सरकला. आवाज आणि डेटा एकाच तांब्याच्या तारेवर वेगवेगळ्या कंप्रतेने धावत. त्यांना वेगळं करायला स्प्लिटर लागे. आत साहेबांच्या टेबलावर समांतर जोडलेला दुसरा फोन स्प्लिटरच्या आधीच तारेला जोडला असेल, तर मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकत राही, स्थिर होत नसे. जाणता माणूस मग सगळे फोन काढायचा, बाहेरून आलेली तार थेट मोडेमला लावायचा आणि दिव्याकडे बघत थांबायचा. दिवा स्थिर झाला तर दोष कार्यालयातला. नाही झाला तर 198 फिरवून तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट बघायची.

लाइनमन यायचा, खांबावरच्या डब्यात टेस्ट फोन लावून खरखर ऐकायचा. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर ठरलेली. नुसत्या कानाने दोष कुठल्या टप्प्यात आहे ते ओळखणारी ही माणसं या सगळ्या कथेतली खरी तज्ज्ञ होती, आणि त्यांचं कौतुक फार कमी झालं. त्या वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमनही होतं. पुष्कळदा नेट गेलेलं नसे, मोडेमची वीज गेलेली असे.

ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तीच भारतनेट झाली. फायबरमध्ये वीज वाहत नाही, त्यामुळे ओलाव्याने खरखर होत नाही. पण रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा दात लागला की केबल तुटते आणि कार्यालयातल्या फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा पेटतो. इथे हाताने तार पिळून काम भागत नाही. काचेचे तंतू जोडणारं यंत्र यावं लागतं, आणि तोवर दाखल्यासाठी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

तार तांब्याची असो की काचेची, दोष कुठं आहे हे तपासायचं एक साधन जुनंच आहे. डिसेंबर 1983 मध्ये अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी नेटवर्कमधला दोष शोधायला पिंग नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. चाळीस वर्षांनंतरही तो छोट्या कार्यालयाच्या सर्वाधिक उपयोगाचा आहे. आधी राउटरला पिंग करा, मग 8.8.8.8 या गूगलच्या आकडी पत्त्याला, मग संकेतस्थळाच्या नावाला. राउटरच बोलत नसेल तर दोष आपल्या खोलीत. आकड्याला उत्तर आलं आणि नावाला नाही, तर पहिला संशय नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसवर. सगळं ठीक असूनही सातबारा उघडत नसेल, तर दोष बहुधा दूरच्या सर्व्हरचा. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य शेतकऱ्याला ऐकवण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे. मिनिटभराचं काम आहे.

ज्या कार्यालयांत 198च्या तक्रारींच्या जुन्या वह्या अजून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. कुठली लाइन कुठल्या महिन्यात, कशाने बंद पडली, हे त्या वह्यांतच मिळेल. आणि निवृत्त लाइनमनना बोलतं करावं, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात.