एकच कुटुंब, तीन कुळं

मंडळी, आडनाव ऐकून कुळ काढायची आपल्याला भारी हौस. माशांना आडनाव नसतं, म्हणून त्यांचं कुळ ठरवायचं ते पर, जबडा, हाडं तपासून. पद्धत चोख, पण खोल समुद्रातल्या एका कुटुंबाची तिने चक्क तीन घरं केली!

१८९५ मध्ये गुड आणि बीन या अमेरिकन संशोधकांनी देवमाशासारख्या दिसणाऱ्या, मोठ्या तोंडाच्या माशांचं एक कुळ मांडलं. १९५६ मध्ये बर्टेलसन आणि मार्शल यांनी बोटभर माशांचं दुसरं मांडलं. त्यातल्या काहींच्या शेपटीला लांबलचक फीत. १९६६ मध्ये मायर्स आणि फ्रायहोफर यांनी मोठ्या नाकाच्या चिमुकल्या माशांचं तिसरं.

गंमत अशी, की पहिल्या कुळात सगळ्या माद्या, दुसऱ्यात सगळी पिल्लं आणि तिसऱ्यात सगळे नर...

२००३ मध्ये जपानी संशोधकांना पिल्लांचा आणि माद्यांचा डीएनए जवळजवळ सारखा आढळला. मग जॉन्सन, पॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी रूप पालटत असलेले नमुने शोधले आणि २००९ मध्ये तिन्ही कुळं एक केली. नर वयात येताना त्याचं जठरच नाहीसं होतं. पुढे लहानपणी साठवलेल्या यकृतावर गुजराण!

आधीच्या लोकांची मापं खोटी नव्हती. बाटलीत होतं ते त्यांनी नेमकं लिहिलं. पण मोठं होणं बाटलीत मावत नाही. अल्बममधल्या एका फोटोवरून माणूस ओळखता येतो का, सांगा बरं?