बिशपाविना पॅरिश : मद्रासच्या सेंट मेरीज चर्चचा प्रारंभकाळ आणि त्याचे मराठी संदर्भ

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरीज चर्च हे भारतातील सर्वांत जुने अँग्लिकन चर्च मानले जाते. त्याचा इतिहास बहुधा इंग्रजी वसाहतीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. परंतु या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक उपासक-समाजाच्या, उगमाशी आणि पुढे तिच्या स्मृतिशिलांशीही मराठी इतिहासाचे धागे जोडलेले आहेत. ते एकत्र पाहिले असता दोन संस्कृतींच्या संबंधाचे बदलते रूप स्पष्ट होते.

किल्ल्याची उभारणी 1640 मध्ये सुरू झाली. 1642 मध्ये फ्रेंच कापुचिन धर्मगुरू एफ्रेम द नेव्हर याने तेथे कॅथलिक चर्च स्थापले. इंग्रज प्रॉटेस्टंटांना मात्र स्वतःचे उपासनागृह मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तोवर त्यांच्या प्रार्थना किल्ल्यातील एका दालनात होत. व्यापारी कंपनीच्या हिशेबात चर्चच्या खर्चाला अग्रक्रम नव्हता.

ही स्थिती स्ट्रेनशॅम मास्टर या गव्हर्नरने बदलली. मराठी वाचकाला हे नाव अगदीच अपरिचित नसावे. ऑक्टोबर 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली, तेव्हा तेथील इंग्रज वखारीचा बचाव याच मास्टरने केला होता आणि त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले होते. पुढे 1677 मध्ये महाराज कर्नाटकच्या स्वारीवर असताना त्यांचा दूत मद्रासला आला. त्याने काही औषधे व विषावरील उतारे मागितले. इंग्रजांनी ते मूल्य न घेता भेटीदाखल पाठविले. 1678 च्या आरंभी मास्टर मद्रासचा गव्हर्नर झाला आणि त्याच वर्षी 25 मार्च रोजी चर्चच्या बांधकामास प्रारंभ झाला. तो दिवस मेरीला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाचा सण होय. चर्चचे नाव त्यावरूनच पडले.

बांधकामाला कंपनीच्या संचालकांची मंजुरी नव्हती. किल्ल्यातील रहिवाशांनी वर्गणी काढली आणि 805 पॅगोडे जमविले. म्हणजे ही पॅरिश वरून आलेल्या आज्ञेने नव्हे, तर गावकीच्या वर्गणीने देऊळ उभे राहावे तशी उभी राहिली. इमारतीचे स्वरूपही बोलके आहे. बाहेरच्या भिंती सुमारे चार फूट जाड आहेत. छत लाकडाचे नसून विटांच्या कमानींचे, सुमारे दोन फूट जाडीचे आणि तोफगोळ्याला दाद न देणारे आहे. उपासनेची जागा बांधतानाही वेढ्याची शक्यता मनातून गेली नव्हती.

28 ऑक्टोबर 1680 रोजी चर्चचा समर्पणविधी झाला. तो चॅप्लेन रिचर्ड पोर्टमन याने लंडनच्या बिशपकडून आलेल्या अधिकारपत्राच्या बळावर केला. या परंपरेत बिशप हा धर्मव्यवस्थेचा केंद्रबिंदू असतो. पण भारतात अँग्लिकन बिशपपद निर्माण झाले ते 1814 मध्ये, कलकत्त्यास. मद्रासला स्वतंत्र बिशप मिळाला 1835 मध्ये. दीड शतकाहून अधिक काळ ही पॅरिश स्थानिक बिशपाविनाच चालली.

ती चालली कशी, याचे उत्तर बऱ्याच अंशी दप्तरात आहे. विवाहनोंदवहीतील पहिली नोंद 4 नोव्हेंबर 1680 ची, एलिहू येल आणि कॅथरिन हिन्मर्स या विधवेच्या लग्नाची आहे. 1689 मध्ये जॉब चार्नॉकच्या तीन मुलींचा बाप्तिस्मा येथे नोंदला गेला. त्यांची आई हिंदू होती असे परंपरा सांगते. 1753 मध्ये रॉबर्ट क्लाइव्हचे लग्नही येथेच झाले. उपासकांच्या पंचमंडळाकडे, म्हणजे व्हेस्ट्रीकडे, चर्चच्या निधीची व्यवस्था होती. 1715 मध्ये चॅप्लेन विल्यम स्टीव्हन्सन याच्या पुढाकाराने गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा सुरू झाली. बिशपाच्या गैरहजेरीत सातत्य राखण्याचे काम नोंदवही, हिशेब आणि शाळा यांनी केले.

1758-59 च्या वेढ्यात लालीच्या फ्रेंच सैन्याने किल्ल्याबाहेरील जुन्या दफनभूमीतील थडग्यांचा आडोसा घेतला. वेढा उठल्यावर ती थडगी पाडण्यात आली आणि त्यांच्या शिला चर्चच्या आवारात आणल्या गेल्या. इंग्रजीबरोबरच लॅटिन, पोर्तुगीज, आर्मेनियन या भाषांतील मृत्युलेख त्यामुळे एकाच अंगणात आले. युद्धाच्या गरजेतून तयार झालेला हा बहुभाषिक संग्रह तौलनिक अभ्यासकांनी स्वतंत्रपणे वाचावा असा आहे.

चर्चमधील एक स्मारक मात्र थेट तंजावरच्या मराठी दरबाराकडे नेते. मिशनरी ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा तुळजाराजांच्या इच्छेनुसार सरफोजीराजांचा पालक झाला. वारसाच्या वादामुळे 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलविण्यात आले आणि तेथेच त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग पार पडला. श्वार्ट्झ 13 फेब्रुवारी 1798 रोजी वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. पुढे कंपनीने जॉन बेकन धाकटा याच्याकडून श्वार्ट्झचे संगमरवरी स्मारक घडवून सेंट मेरीजमध्ये बसविले. सरफोजींनी जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून तंजावरसाठी वेगळे स्मारक करून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात धरलेले स्वतः राजे आहेत. तंजावर येथील श्वार्ट्झच्या थडग्यावरील इंग्रजी पद्यलेखही त्यांच्याच नावे आहे.

एकाच माणसाच्या या दोन शिलांचे आश्रयदाते भिन्न आहेत आणि शोकाची नातीही भिन्न आहेत. कंपनीच्या शिलेत एका संस्थेची कृतज्ञता आहे. तंजावरच्या शिल्पात व पद्यात शिष्याचे दुःख आहे, आणि ते एका मराठी राजाने परक्या भाषेत व परक्या शिल्पशैलीत व्यक्त केले आहे. सरफोजींनी धर्म बदलला नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाची जोपासना करणारे आणि बृहदीश्वर मंदिरात भोसले वंशाचा मराठी शिलालेख कोरविणारे राजेही तेच होत.

1670 मध्ये सुरतेच्या वखारीच्या दारावर उभा असलेला प्रतिस्पर्धी म्हणून मराठे या पॅरिशच्या संस्थापकाच्या अनुभवात आले. सव्वाशे वर्षांनंतर त्याच परंपरेतील एक राजा तिच्या परिघात शोककर्ता म्हणून उभा दिसतो. पहिला प्रसंग मराठी इतिहासलेखनाने आपला मानला आहे. दुसरा प्रसंगही तितकाच आपला आहे. त्याची साधने मात्र चर्चच्या नोंदवह्या आणि स्मृतिशिला यांच्यात शोधावी लागतात.