तांब्याचे मोल

जॉर्डनमधील दाना अभयारण्यातून फेनानकडे जाणारी पायवाट सुमारे १४ किलोमीटर उतरणीची आहे. आम्ही यात्रेकरू वाळवंटी दरीच्या मुखाशी पोहोचलो, तेव्हा पायांखाली काळे खडे करकरू लागले. तांबे गाळून उरलेला तो मळ होता.

जुन्या करारातील पूनोन ते हेच, असे अभ्यासक मानतात. रोमन अमलात येथील खाणींत दंडित कैदी राबत. इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला आणि पुढे इजिप्त व पॅलेस्टाइनमधील अनेक श्रद्धावंत येथे धाडले गेले. कित्येकांचा उजवा डोळा काढून डावा पाय अधू केलेला असे. गाझाचे बिशप सिल्वानुस व त्यांचे ३९ सोबती यांचा येथेच शिरच्छेद झाला. त्यांच्यातील योहान हा अंध इजिप्शियन होता. त्याला पवित्र शास्त्र मुखोद्गत होते. इतिहासकार युसेबियस यांनी प्रथम त्याला ऐकले, तेव्हा तो ग्रंथ उघडून वाचत आहे, असेच त्यांना वाटले.

या खाणींजवळ २००५ साली निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थेने प्रवासी निवास उभारला. रात्री खोल्यांतून मेणबत्त्या तेवतात. स्थानिक बेदुइन कुटुंबांना त्यातून रोजगार मिळतो. मात्र तांब्यासाठी अभयारण्याची सीमा बदलण्याचे पाऊल जॉर्डन सरकारने २०२१ मध्ये उचलले आणि संस्थेने त्यास विरोध केला.

घरातले भांडे असो वा विजेची तार, तांब्याचे मोल कोण चुकवतो, हा प्रश्न आपणां ख्रिस्ती कुटुंबांना टाळता येणार नाही. फेनानच्या खाणींत ते आपल्याच माणसांनी चुकविले आहे.