मोबाईल येतो कुठून, जातो कुठे?



बचत गटात कर्ज देताना आपण विचारतो: पैसा कशाला हवा, फेडणार कोण, बुडाला तर भार कुणावर? लातूर-नांदेडच्या गावांत आता गटाचे निरोप मोबाईलवर येतात. त्या मोबाईलबद्दलही हेच विचारू या. जोखीम तपासणं म्हणजे तरी दुसरं काय!

१९७३ साली मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ ही वसाहत सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवायच्या आणि परकीय चलन मिळवायचं, हा हेतू. जुळणीच्या कामावर मुख्यतः तरुण मुली घेतल्या. बारीक भाग जोडायचे, डाख द्यायचा. डाखात तेव्हा कथलाबरोबर शिसंही असे. अशा कामानं डोळे शिणतात, धूर छातीत जातो. चलनाची चर्चा झाली. मुलींच्या तब्येतीची विचारपूस मागं राहिली.

कथील आपल्या ओळखीचं, कल्हईचं. मोबाईलमध्येही ते असतं. शिवाय टँटलम, टंगस्टन, सोनं. यातला काही माल आफ्रिकेतल्या काँगोतून येतो. तिथल्या खाणींच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. म्हणून २०१० मध्ये अमेरिकेनं कायदा केला: ही चार खनिजं काँगो किंवा शेजारच्या देशांतून येतात का, ते कंपन्यांनी जाहीर करावं. बॅटरीतला कोबाल्ट मात्र त्या यादीत आला नाही. काँगोत लेकरं कोबाल्ट वेचतात, हे ॲम्नेस्टी संस्थेनं २०१६ मध्ये जगापुढं मांडलं.

आपल्याकडे ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे. १ मे २०१२ पासून लागू झाले. जुन्या वस्तूची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आली. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम आहेत. तरी बराच माल भंगारातच जातो. तांब्यासाठी वायरी जाळल्या की विषारी धूर होतो. फोडलेल्या वस्तूंमधलं शिसं मातीत उतरतं. त्याचा सगळ्यात जास्त धोका लेकरांना आणि गरोदर बायांना.

म्हणजे खाण असो, कारखाना असो की भंगार, भार गरिबाच्याच अंगावर. कायदा झाला तो कुणीतरी विचारल्यावर, आणि विचारलं तेवढ्यापुरताच.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. वायरी जाळू देऊ नका, बॅटरी फोडू देऊ नका. मोबाईल घेताना दुकानदाराला विचारा: जुना परत घेता का? पुढं तो कुठं जातो? एकटीनं विचारलं तर तो हसेल. दहाजणींनी विचारलं तर उत्तर शोधेल.