कादंबरीचे प्रकाशन मंत्र्याच्या हस्ते, नाटकासाठी मात्र तुरुंग

1977 साली केनियात दोन घटना घडल्या. जुलै महिन्यात न्गुगी वा थिओंगो या लेखकाची 'पेटल्स ऑफ ब्लड' ही इंग्रजी कादंबरी प्रकाशित झाली. स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या काळ्या साहेबांनी शेतकऱ्याला आणि कामगाराला कसे लुटले, याचा हिशेब त्या कादंबरीत मांडला आहे. तरीही नैरोबीत तिचे प्रकाशन केले ते त्याच सरकारचे अर्थमंत्री म्वाई किबाकी यांनी. कोणी संतापले नाही, कोणी बंदी घातली नाही. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पोलिसांनी न्गुगींना घरातून उचलले आणि कोणताही खटला न चालवता कामिती या कडेकोट तुरुंगात डांबले. मधल्या सहा महिन्यांत त्यांनी सरकारविरुद्ध कट रचला नव्हता. एका खेड्यातल्या लोकांबरोबर गिकुयू भाषेत एक नाटक तेवढे केले होते.

मित्रांनो, वसाहतवादाविरुद्धच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे होते तेव्हा ती बहुतेक वेळा गोरा मालक आणि काळा लेखक या जोडीपाशीच थांबते. लेखकाने विद्रोही लिहिले, गोऱ्याने जप्त केले, मग स्वातंत्र्य आले, गोष्ट संपली. केनियाचा इतिहास या गोष्टीत बसत नाही, आणि म्हणूनच तो आपण नीट वाचायला हवा.

केनियातला मूळ प्रश्न जमिनीचा. मध्य केनियाच्या सुपीक डोंगराळ भागातल्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावल्या आणि ज्यांच्या त्या होत्या तेच लोक त्यांच्या मळ्यांवर मजूर झाले. यातून 1952 मध्ये सशस्त्र उठाव पेटला. इंग्रजांनी त्याला 'माऊ माऊ' म्हटले. लढणारे स्वतःला जमीन आणि स्वातंत्र्य सेना म्हणवत. या लढ्याचे साहित्य ग्रंथालयात सापडणारे नव्हते. चर्चमध्ये शिकवलेल्या प्रार्थनांच्या चाली घ्यायच्या आणि त्यात जमिनीचे, लढाईचे शब्द भरायचे, असे ते साहित्य होते. लांबून ऐकणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला वाटे की माणसे देवाचे गाणे म्हणताहेत. गकारा वा वांजाउ नावाचे एक लेखक-प्रकाशक अशी गाणी आणि पुस्तिका गिकुयूत छापून वाटत. आणीबाणी जाहीर होताच 1952 मध्ये त्यांना पकडले आणि 1959 पर्यंत छावण्यांत ठेवले. एका पुस्तिकावाल्यासाठी सात वर्षे! साम्राज्याला कशाची भीती वाटते हे साम्राज्याला स्वतःला नेमके ठाऊक असते.

न्गुगी याच काळात वाढले. 1938 चा जन्म, लिमुरूजवळचे कामिरिथू हे गाव. मोठा भाऊ जंगलात लढायला गेला, त्यापायी आईचा छळ झाला. शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छडी मिळे किंवा 'मी गाढव आहे' अशा मजकुराची पाटी गळ्यात घालावी लागे. आणि इंग्रजीत चांगले गुण मिळवणाऱ्यासाठी पुढचे सगळे दरवाजे उघडत. न्गुगी हुशार होते, दरवाजे उघडत गेले. 1962 मध्ये युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठात आफ्रिकी लेखकांची एक मोठी परिषद भरली. विद्यार्थीदशेतल्या, एक-दोन कथा छापून आलेल्या न्गुगींना तिथे जागा होती. पण स्वाहिलीतले थोर कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबातले कादंबरीकार फागुन्वा या निकषात बसत नव्हते, कारण परिषद 'इंग्रजीतून अभिव्यक्त होणाऱ्या' लेखकांची होती. आपल्या लोकांच्या भाषेत लिहिणारा लेखक आफ्रिकी लेखकांच्या परिषदेत अपात्र! ही गोष्ट न्गुगींना पुढे अनेक वर्षे बोचत राहिली.

1963 च्या डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा सत्तेवर आले. याच केन्याटांना इंग्रजांनी माऊ माऊचे सूत्रधार ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली होती. पण जमिनीचे काय झाले? गोऱ्यांकडून जमिनी विकत घेण्यासाठी ब्रिटनचेच कर्ज काढले गेले. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख होती त्यांना मळे मिळाले. जंगलात लढलेल्यांच्या हाती फारसे काही आले नाही. माऊ माऊवर इंग्रजांनी घातलेली बंदी तर स्वतंत्र केनियात 2003 पर्यंत कायम होती. ज्यांच्या रक्तावर राज्य मिळाले ते स्वतःच्या राज्यात चाळीस वर्षे बेकायदेशीर राहिले.

आता कामिरिथूकडे येऊ. गावात बाटाच्या चपला-बुटांच्या कारखान्यातले कामगार होते, चहाच्या मळ्यांवरचे मजूर होते, जमीन गेलेले शेतकरी होते, बेकार तरुण होते. गावच्या सांस्कृतिक केंद्रात प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालत. या लोकांनी विद्यापीठातल्या प्राध्यापक न्गुगींना बोलावले, आणि त्यांनी न्गुगी वा मिरी या सहकाऱ्याबरोबर एका नाटकाचा आराखडा लिहिला. नाव 'न्गाहिका न्देंदा', म्हणजे 'मला वाटेल तेव्हा मी लग्न करीन'. गोष्ट साधी आहे. कीगुंडा या शेतमजुराकडे दीड एकर जमीन उरलेली आहे आणि तिचा कागद त्याने भिंतीवर जपून लावला आहे. श्रीमंत मालक त्याला गोड बोलून चर्चमध्ये रीतसर लग्न लावायला भाग पाडतो. त्यासाठी बँकेचे कर्ज, कर्जाला जमीन तारण, आणि शेवटी तो कागद मालकाच्या हाती.

खरी गंमत पुढे आहे. संहिता लोकांपुढे वाचली गेली तेव्हा लोकांनी ती दुरुस्त करायला घेतली. म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी पोराची भाषा का, असे म्हाताऱ्यांनी विचारले. जुन्या लग्नविधीतली गाणी चुकली, ती बायकांनी शिकवली. कामगारांनी पगाराचा आणि पिळवणुकीचा तपशील भरला. इंग्रजीत नामवंत झालेला लेखक स्वतःच्या आईच्या भाषेत विद्यार्थी झाला. गावकऱ्यांनी जमिनीवर काड्यापेटीच्या काड्या मांडून रंगमंदिराचा नकाशा केला आणि दोन हजार माणसे बसतील असे खुले नाट्यगृह स्वतःच्या श्रमाने उभारले. तालमी उघड्यावर चालत. प्रयोगाआधीच बघ्यांना संवाद पाठ झाले होते. उठावाला पंचवीस वर्षे झाल्याचे निमित्त साधून 2 ऑक्टोबर 1977 ला, रविवारी, म्हणजे मजुराच्या सुट्टीच्या दिवशी, पहिला प्रयोग झाला. लांबलांबच्या गावांतून लोक गाड्या ठरवून येऊ लागले.

16 नोव्हेंबरला जिल्हाधिकाऱ्याने परवाना काढून घेतला. सभा-मेळाव्याला परवाना लागतो हा नियम गोऱ्यांचाच. दीड महिन्यात न्गुगी तुरुंगात. तिथे त्यांनी संडासात वापरण्याच्या कागदावर गिकुयूत एक अख्खी कादंबरी लिहिली. 1978 च्या ऑगस्टमध्ये केन्याटा वारले आणि डिसेंबरात न्गुगी सुटले, पण विद्यापीठातली नोकरी त्यांना परत मिळाली नाही.

इथे बरेच अभ्यासक सोपा निष्कर्ष काढतात: मातृभाषेत लिहा, सत्ता हादरते. मला हे अर्धवट वाटते. केन्याटा स्वतः गिकुयू होते. इतकेच नव्हे, 1928 मध्ये त्यांनी गिकुयूत मासिक चालवले होते. त्यांना भाषेचे वावडे असण्याचे कारणच नव्हते. वावडे होते ते त्या भाषेत कोण बोलतो आहे आणि समोर कोण बसले आहे याचे. तीच टीका इंग्रजीत असेपर्यंत मंत्री तिचे प्रकाशन करू शकत होता, कारण वाचणारे त्याच्याच वर्गातले होते. कामिरिथूत ज्याची जमीन गेली तोच रंगमंचावर उभा होता, ज्यांची जायची आहे ते समोर बसले होते, आणि नाट्यगृह कोणा शेठजीच्या मालकीचे नव्हते. भाषा हा त्या घराचा दरवाजा होता, घर नव्हे.

हे स्पष्ट करायला हवे, कारण न्गुगींचे नाव घेऊन आपल्या पोरांना 'इंग्रजी सोडा, मातृभाषेत शिका' असा उपदेश करणारे इथे कमी नाहीत, आणि त्यांची स्वतःची पोरे कुठे शिकतात ते आपल्याला माहीत आहे. केनियात इंग्रजी ही छडी होती. इथे ज्ञानाची बंदी इंग्रजीने नव्हे, संस्कृतच्या मालकांनी घातली होती. बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि 1936 मध्ये जातिसंहाराचे न झालेले भाषण इंग्रजीत छापले. कोणाशी बोलायचे आहे यावरून भाषा ठरली. नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांनीही इंग्रजी वाकवून आपल्या कामाला लावता येते असेच म्हटले, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. न्गुगींकडून घ्यायचे ते भाषेचे सोवळे नव्हे. संहिता लोकांपुढे ठेवायची आणि त्यांनी खोडली तर खोडू द्यायची, हे घ्यायचे. आपले किती लेखक-कवी वस्तीत जाऊन स्वतःचे लिखाण असे खोडून घ्यायला तयार आहेत?

1982 मध्ये कामिरिथूच्या लोकांनी दुसरे, संगीत नाटक बसवले. नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दरवाजे त्यांना बंद झाले, म्हणून विद्यापीठात तालमी केल्या, तर तालमी पाहायलाच हजारो लोक लोटले. 12 मार्च 1982 ला तीन गाड्या भरून सशस्त्र पोलीस कामिरिथूत आले आणि त्यांनी ते नाट्यगृह जमीनदोस्त केले. त्याच वर्षी न्गुगी तुरुंगात लिहिलेल्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशनासाठी लंडनला गेले असताना परतल्यास अटक होणार अशी बातमी त्यांना कळली, आणि ते बावीस वर्षे परदेशात राहिले. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. संहिता दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यांना, गाणी शिकवणाऱ्या बायांना आणि नाट्यगृह बांधणाऱ्या मजुरांना मात्र लंडन नव्हते. पोलीस निघून गेल्यावर ते तिथेच, त्या मोडक्या लाकडांशेजारी राहिले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.