मंडळ तेच, पात्रे नवी

झाडीपट्टीतल्या नाटकाचे हँडबिल कधी नीट वाचले आहे का? वर मंडळाचे नाव, मध्ये नाटकाचे नाव त्याहून मोठ्या अक्षरात आणि खाली नट-नट्यांचे फोटो. वरचे नाव वर्षानुवर्षे तेच असते. फोटो मात्र दर दिवाळीला बदलतात, आणि गेल्या वर्षी दुसऱ्याच मंडळाच्या हँडबिलावर असलेला चेहरा यंदा इथे हसत असतो!

पुण्या-मुंबईच्या भाचरांसाठी थोडे सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की मंडई, मग शंकरपट. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, ते थेट पहाटेपर्यंत. होळीपर्यंत हंगाम चालतो. पाहुणे येतात, सोयरिकीही त्यातच जुळतात. या सगळ्याची पेठ म्हणजे वडसा, कागदोपत्री देसाईगंज. कंपन्या तिथल्या, गावकऱ्यांनी जाऊन नाटक ठरवायचे.

पण १९७० च्या दशकात मी ब्रह्मपुरीकडच्या एका गावी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आमचे गाव स्वतःच नाटक करायचे. मास्तर म्हणून प्रॉम्प्टिंग आपोआप माझ्या गळ्यात पडले. नायक, खलनायक, विनोदी पात्र या जागा गावात जवळजवळ वतनासारख्या होत्या. आमचा खलनायक बारा वर्षे एकच होता. चांगला वीस बांध्यांचा शेतकरी, स्वभावाने अगदी गरीब. पण स्टेजवर आला की त्याची स्वतःची आई शिव्या द्यायची. स्त्रीभूमिका पूर्वी एक शिंपी करत असे. पुढे नागपूरहून पैसे देऊन नट्या आणायला लागले, तसा तो विंगेत लुगडी नेसवून द्यायला बसू लागला. तक्रार कधी केली नाही, पण स्टेजकडे बघायचाही नाही.

माझ्या मते बदलाचे खरे दार तिथे उघडले. आधी नट्या बाहेरच्या, मग ऑर्गन-तबलावाले बाहेरचे, मग पडदे भाड्याचे, मग नायक. शेवटी गावाकडे उरले काय? मंडप, तिकिटे आणि वर्गणी. मंडळाचे नाव मात्र टिकले, कारण परवानगीच्या अर्जावर काहीतरी नाव लागतेच.

यात नवल नाही म्हणा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. ते १८८५ मध्ये गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, तरी किर्लोस्कर मंडळी चालूच राहिली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व मंडळी काढली. तेव्हा किर्लोस्कर संपली असेच लोकांना वाटले असणार. पण नंतर तिथे मास्टर दीनानाथ चमकले आणि १९१८ मध्ये तेही निघून बळवंत मंडळीत गेले!

नातवाशी हे बोलत होतो तर तो म्हणाला, आजोबा, आमच्याकडेही असेच असते. तो 'इंडस्ट्रियल मेटल' नावाचे संगीत ऐकतो. यंत्रांचे ठोके आणि गिटारींचा गदारोळ. (चंद्रपूरकराला कारखान्याचा आवाज पैसे देऊन का ऐकावा लागतो, हे मला कळलेले नाही. असो.) त्यातला शिकागोचा 'मिनिस्ट्री' हा बँड १९८१ मध्ये सुरू झाला. अल जोर्गेन्सन हा एकटा गडी पहिल्यापासून आहे, बाकी माणसे येत-जात राहिली. उलट जर्मनीच्या 'रामस्टाईन'मध्ये १९९४ पासून तेच सहा जण आहेत. नातवाला विचारले, खरा बँड कोणता? म्हणाला, दोन्ही. मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही.

आपल्याकडे नवरगावचे श्री व्यंकटेश नाट्य मंडळ म्हटले की सदानंद बोरकर आठवतात. 'माझं कुंकू मीच पुसलं' त्यांचेच. मधला खांब पक्का असला की नट बदलले तरी लोकांना मंडळ ओळखीचे वाटते. आणि काही नट स्वतःच मंडळाएवढे मोठे होतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० नाटके, ५००० प्रयोग! एवढे प्रयोग झाल्यावर लोक मंडळाचे नाव विसरतात आणि माणसाला बघायला येतात.

व्यवसाय झाला हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. नाइटच्या पैशांवर कितीतरी कलावंतांची घरे चालतात. पण आमच्या खलनायकाला शिव्या देणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच बैलजोडी मागायला जायची. आताचा खलनायक पहाटे मेकअप पुसून गाडीत बसतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात असतो. त्याचा अभिनय आमच्यापेक्षा नक्कीच सरस आहे. बैलजोडी मात्र त्याच्याकडे मागता येत नाही.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचे निमित्तच गेले. २०२० च्या दिवाळीनंतरचा हंगाम तर जवळजवळ सगळाच कोरोनाने गिळला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि पट पुन्हा भरू लागले. आमच्या गावच्या मंडळानेही त्यानंतर वडशाहून नाटक आणले. हँडबिलावर गावातले एकच नाव होते, तेही सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: पडदा ओढणार म्हणून त्या शिंप्याच्या नातवाचे.