बॅरिस्टर, वकील आणि अशील

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले आणि तिथल्या वकिलीत दोन पंगती पडल्या. ओरिजिनल साइडला सॉलिसिटरने ब्रीफ दिल्यावर बॅरिस्टर उभा राही. मोफसलातली अपिले जिथे चालत, त्या अपेलेट साइडला वकिलांचा जम होता. बॅरिस्टरला तिथेही बोलता येई. वकिलाला मात्र ओरिजिनल साइडचे दार बंद. याविरुद्ध वकील झगडले, आणि त्यांची तक्रार रास्तच होती.

मात्र या पंक्तिभेदात अशिलाचाही प्रश्न दडलेला होता. इंग्लिश परंपरेनुसार बॅरिस्टरची फी म्हणजे मानधन. ती थकली तरी त्याला दावा लावता येत नसे. त्याने हयगय केली तर अशिलालाही त्याच्यावर दावा लावता येत नसे. दर्जा जितका उंच, तितकी जबाबदारी कमी.

१९२६ साली दोन कायदे झाले. बार कौन्सिल कायद्याने दर्जातले अंतर कमी करण्याची वाट उघडली. फीसंबंधीच्या कायद्याने वकिलीच्या व्यवसायाला फीसाठी दाव्याचा हक्क दिला आणि निष्काळजीपणाबद्दलचे अभयही काढून घेतले. हक्क आणि उत्तरदायित्व असे एकत्र आले.

१९६१च्या कायद्याने सर्वांना ‘अ‍ॅडव्होकेट’ हे एकच नाव दिले, तरी ‘सीनियर’ची वेगळी श्रेणी राहिलीच. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलीचे वेगळेपण सांगून तिला ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवले. दिवाणी दावा लावता येतो. पण वकिलाविरुद्ध पुन्हा वकीलच शोधावा लागतो. पंगती मोडल्या, अशील मात्र अजून दाराशीच उभा आहे.